नियम अकरावा

कायदे करण्याची संधी मला आयुष्यात एकदाच मिळाली. ती मी इतकी मन लावून वापरली की पुन्हा कोणी दिली नाही. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. औरंगाबादेतल्या चार हौशी संघांच्या मैत्रीपूर्ण सॉफ्टबॉल स्पर्धेचा मी चिटणीस झालो होतो. गावाचं नाव आता बदललंय, पण त्या दिवसांबद्दल बोलताना माझ्या तोंडी जुनंच येतं, त्याला इलाज नाही. स्पर्धेत सामने झाले तीन आणि नियम होते एकोणचाळीस. नियम सगळे मी लिहिले होते. सॉफ्टबॉलचा सामना तोवर मी एकदाही पाहिला नव्हता, ही गोष्ट मला अडचणीची वाटली नाही.

मी करमाडचा. वडील शेती करायचे. आमच्या घराण्यात कागदावर सही करणारा मी पहिला, माझ्याआधीचे सगळे अंगठे. त्यामुळे कागद म्हटला की माझी मान आपोआप झुकायची. मॅट्रिक झाल्यावर थोरल्या बहिणीनं, अक्कानं, मला शिकायला आपल्याकडं आणलं. बेगमपुऱ्यात त्यांच्या दोन खोल्या होत्या. अक्का स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली, तेवढ्यावर तिनं माझा ग्रॅज्युएट केला. आज मी जो काही आहे तो तिच्या चुलीपुढं बसून झालो आहे, हे मी सगळ्यांना सांगत असतो आणि ते खरं आहे.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं गफ्फारचाचांचं कारखानावजा दुकान होतं. ते टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचे, लगाम, पट्टे, खोगीर. सकाळी अक्का अलीकडं भाकरी थापायची आणि पलीकडं चाचा कातड्यावर लाकडी हातोडी मारायचे. कुठला आवाज भाकरीचा आणि कुठला चामड्याचा हे मला अंथरुणात डोळे मिटूनही कळायचं. भाकरीचा आवाज थांबला की उठायचं, कारण त्यानंतर तव्यावरची गरम भाकरी आणि येसराची आमटी मिळण्याची वेळ फार थोडी असायची. त्यानंतर दाजी जेवायला बसायचे. दाजी कोर्टात शिपाई होते. साक्षीदारांच्या नावाचा पुकारा करणं हे त्यांचं काम. ते घरीही तसाच पुकारा करायचे. "अंकुश विठोबा हाजिर है?" असं तीनदा म्हणायचे आणि तिसऱ्या हाकेला मी पाटावर नसलो तर माझ्या वाटणीचा ठेचा जप्त व्हायचा.

गफ्फारचाचांचा रशीद माझ्याच वयाचा. चौथीनंतर त्यानं शाळा सोडली आणि बापाच्या हाताखाली बसला. वाचायला येई ते उर्दू, तेही सावकाश. पण चेंडू फेकावा तर त्यानं. हर्सूलच्या तळ्यात हात खालून फिरवून खापऱ्या फेकायची त्याला लहानपणापासून सवय. पाण्यावर सात-आठ उड्या घेत खापरी जायची. आमच्या कॉलेजातले खेळाचे सर पुण्याच्या एका शिबिरातून सॉफ्टबॉल शिकून आले आणि म्हणाले, "या खेळात चेंडू खालून फेकतात." तेव्हा मला पहिल्यांदा रशीदच आठवला. सरांनी त्याला बोलावून पाहिलं. त्याचा तिसरा चेंडू सरांनी पोटावर घेतला. नंतर ते बराच वेळ खाली बसून होते. बसल्या बसल्याच म्हणाले, "याला सोडू नका."

सामान आम्ही घरचंच केलं. बॅटी सुताराकडून करवून घेतल्या. बेस म्हणजे गोणपाटात भुसा भरलेल्या चार उशा, त्या अक्कानं शिवल्या. दहा हातमोजे गफ्फारचाचा करून देणार होते, खोगिराच्या चामड्याचे, आत पिंजारी कापूस. एक संघ मैदानात असताना त्यानं वापरायचे, पाळी बदलली की दुसऱ्याला द्यायचे. राहिले नियम. सरांनी मला एक इंग्रजी पुस्तिका दिली आणि म्हणाले, "थोडक्यात मराठीत करून टाक. एक पान पुरे."

एक पान. त्यांना माझी कल्पना नव्हती. मी शब्दकोश घेऊन आठ दिवस बसलो. बेसला मी 'तळ' म्हटलं. पुस्तिकेत नव्हत्या अशा गोष्टीही घातल्या, कारण ती लिहिणाऱ्यांना आमचं मैदान माहीत नव्हतं. चेंडू चरणाऱ्या म्हशीला लागला तर काय, हा तेविसावा नियम. चिंचेच्या झाडात अडकला तर काय, हा चोविसावा. शिवी दिल्यास खेळाडू बाद, हा एकतिसावा. तो पहिल्या सामन्याच्या पहिल्या दहा मिनिटांत रद्द करावा लागला, नाहीतर दोन्ही संघ मिळून मैदानात कोणी उरलं नसतं. रात्रीच्या जेवणाला मी दाजींना मसुदा वाचून दाखवला. 'तळाची चोरी करण्यास परवानगी आहे' या वाक्यापाशी त्यांनी घास खाली ठेवला.

"हे असं लिहून देऊ नको कुणाला," ते म्हणाले. "आणि दिलंस तर खाली सही करू नको."

मी सही केली. वळणदार केली, खाली दोन रेघा मारून.

आणि अकरावा नियम. त्याचं मूळ सांगितलं पाहिजे. कॉलेजच्या होस्टेलचा एक संघ होता आणि त्यात कन्नडचा दिगंबर होता. तो किती वर्षं त्याच वर्गात होता हे प्राध्यापकही विसरले होते. त्याच्या मिशा भरघोस होत्या आणि चेंडू त्याच्या बॅटीला लागला की तो आम्ही दुसऱ्या दिवशी शोधायचो. हा गडी वयानं आपला नाही, एवढं उघड होतं. त्याला अडवायला मी लिहिलं: 'ज्यास वीस वर्षे पूर्ण झाली असतील त्यास खेळता येणार नाही. वयाचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मूळ प्रतीत सादर करावा.' मूळ प्रतीत हे शब्द मला फार आवडले होते. समितीसमोर मी सगळे नियम मोठ्यानं वाचले. समितीत दोघंच होतो, मी आणि रशीद. तो मोज्यासाठी पट्टी कापत होता. एकोणचाळीसही नियमांना तो "हौ, हौ" म्हणाला.

दाखले तपासायला मी अक्काच्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसलो. पुढं पेटी, पेटीवर दौत. चारही संघांचे खेळाडू ओळीनं आले आणि पहिल्या दहा दाखल्यांतच मला घाम फुटला. सगळ्यांचा जन्म एक जूनचा. करमाडचे सगळे एक जून, शेंद्र्याचे दोघं एक जून, होस्टेलवाले बहुतेक एक जून. आमच्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. बोटं कानाला टेकली की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग त्यातून साल काढायचं आणि तारीख एक जून टाकायची, कारण शाळेचा हिशेब त्या दिवसापासून. हे मला माहीत होतं. तरी मी प्रत्येक दाखला उजेडाकडं धरून शिक्का तपासत होतो. दिगंबर आला, मिशीवर हात फिरवला आणि दाखला दिला. एक जून. वय वर्षं एकोणीस. मी दाखला तीनदा पाहिला. शिक्का खरा होता.

"बसतंय न्हवं नियमात?" तो म्हणाला.

"बसतंय," मी म्हणालो आणि त्याचं नाव लिहून घेतलं.

सगळ्यांत शेवटी रशीद आला, मोकळ्या हातांनी. स्टुलापुढं उभा राहून हसत होता.

"दाखला?" मी विचारलं.

"अबे, मेरेकू दाखला पूछता? मेरे घर का खट्टा खाके बडा हुआ ना तू?"

"नियम अकरा. समितीनं ठरवलंय."

"समिती में तो मैं भी था."

"मग तुला माहीत पाहिजे होतं."

तो अजून हसतच होता. मी थट्टा करतोय असं त्याला वाटत होतं. मग मी टाक दौतीत बुडवला आणि त्याच्या नावापुढं 'पुराव्याअभावी' असं लिहिलं. त्याला ते वाचता येत नव्हतं, पण बाकीच्यांच्या नावापुढं काही लिहिलेलं नाही, हे दिसलं असावं. त्याचं हसू हळूहळू गेलं. "ठीक है चिटणीस साहब," एवढंच म्हणाला आणि गेला. तोवर तो मला कधी साहेब म्हणाला नव्हता.

त्या रात्री मला शांत झोप लागली, हे लिहायला आज लाज वाटते. आपण मैत्रीपेक्षा नियमाला मोठं मानलं, याचा मला चक्क अभिमान वाटत होता. नियमाला आणखी कोणापेक्षा मोठं मानायला हवं होतं, ते मी सोयीनं विसरलो होतो. यादीत माझंही नाव होतं, आणि माझा दाखला मी कोणाला दाखवला नव्हता. चिटणीसाचा कागद तपासणार कोण? तो अक्काच्या पत्र्याच्या पेटीत तळाशी होता. त्याच्यावर काय लिहिलंय ते मला पाठ होतं.

दोन दिवस भिंतीपलीकडची हातोडी चालू राहिली. रशीद समोर आला तरी वळून जायचा. तिसऱ्या दिवशी गफ्फारचाचा स्वतः पोतं घेऊन आले आणि हातमोजे एकेक करून माझ्यापुढं मांडले. दहाच्या दहा. तेलाचा आणि नव्या चामड्याचा वास खोलीभर झाला.

"चाचा, तुम्ही..." मी म्हणालो.

"जबान दी थी बेटा," ते म्हणाले. मग एक मोजा उचलून वेगळा ठेवला. "इसका नाप रशीद के हाथ का है. थोडा बडा बना. जिसकू आता उसकू दे देना."

ते गेल्यावर मी तो घालून पाहिला. माझी बोटं आत कुठंतरी हरवली.

संध्याकाळी रशीदची आई आली. तिला आम्ही सगळे खाला म्हणायचो. ती माझ्याकडं आलीच नाही. सरळ चुलीपाशी अक्काजवळ जाऊन बसली. अक्कानं चहाचं आधण ठेवलं. मी बाहेरच्या खोलीत पुस्तक उघडून बसलो, पण सगळं ऐकू येत होतं, आणि मला ऐकू जावं असंच ती बोलत होती.

"अंकुश कागद मंगता बोले. कहाँ से लाऊँ अक्का? पोलीस ॲक्शन में, निजाम का राज गया तब, गाँव छोडे तो मैं पूरे दिन की थी. जवारी सर के ऊपर थी. उसमेंच छुपे तीन दिन. रशीद वहींच हुआ. पाटलीणबाई आई, खुरपी आग पे सेंकी, नाल काटी. रोज भाकर लाती थी टोकरी में, ऊपर घास डाल के. उसकू पूछो. जिंदा है तो बोलेगी. कागद कौन लिखता था तब?"

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं. अक्कानं चहा गाळला, खालाच्या हातात दिला आणि उठून बाहेर आली. खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. झाकण उघडताना ती नेहमी करकरायची, तशी करकरली.

"अक्का, त्यात काय बघतीस?" मी म्हणालो.

"तुझा कागद."

लुगड्यांच्या खालून तिनं दाखला काढला आणि दाजींच्या हातात दिला. दाजी नुकतेच कोर्टातून आले होते, अंगात अजून पट्टा होता. त्यांनी कोर्टातल्याच आवाजात वाचला. जन्म, एक जून. मग साल. मग बोटांवर मोजलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"चिटणीस, तुम्हाला तर एकवीस सरलं."

"ते खरं नाही," मी म्हणालो. "गुरुजींनी पट वाढवायला मला लवकर घातलं. माझा हात कानाला पोचत नव्हता. त्यांनी माझं डोकं कलतं केलं."

"मग खरं काय?" अक्का म्हणाली.

मी पुस्तकाचं पान उलटलं.

"मी सांगते. मी तिथं व्हते, सात वर्साची. पोलीस ॲक्शनच्या आदला हुरडा. लई थंडी. आईला रानातून गाडीत घालून आणली. म्हंजे तू एकुणीस, आन् ह्या रशीदपरीस आठ म्हयन्यानं मोठा. आता मला सांग, माझं खरं का कागदाचं? माझं खरं तर खालाचं बी खरं. कागदाचं खरं तर तू बी घरी बस."

मी कायद्याच्या बाजूनं शेवटची लढाई दिली. "नातेवाइकांची साक्ष धरत नाहीत," मी म्हणालो.

"कोन म्हनतं?" दाजी पट्टा काढत म्हणाले. "कोर्टात मी रोज आयांना पुकारतो."

स्वयंपाकघराच्या दारात खाला कपबशी घेऊन उभी होती. ती हसली नाही, रागावलीही नाही. नुसती बघत होती, मी काय म्हणतो ते. लहानपणी ताप आला की ह्याच बाईनं माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, असं काही मला लिहिता आलं असतं. तसं झालेलं नाही, लहानपणी मी करमाडला होतो. पण दोन वर्षं दर शुक्रवारी तिच्या घरची खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा मी खाल्ला होता आणि त्यासाठी तिनं मला कसलाही दाखला मागितला नव्हता.

मी दौत घेतली. अकराव्या नियमातला 'शाळा सोडल्याचा' पासून 'सादर करावा' पर्यंतचा मजकूर खोडला आणि वर लिहिलं: 'आई, थोरली बहीण किंवा जन्माच्या वेळी हजर असलेली कोणतीही बाई हिची तोंडी साक्ष घ्यावी.' मग पलीकडं गेलो. रशीद लगामाला टाके घालत होता. मी सुधारित नियम त्याला वाचून दाखवला. त्यानं मान वर केली नाही. टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला.

"फिर पढ," तो म्हणाला.

मी पुन्हा वाचला.

"और वो उनचालीस भी पढ. इस बार सुनता मैं."

एकोणचाळीस नियम ऐकायला त्याला दीड तास लागला. मध्ये मध्ये तो 'कायकू?' विचारत होता. बऱ्याच ठिकाणी मी तो नियम खोडूनच टाकला. उठलो तेव्हा नियम सतरा राहिले होते.

रविवारी सामन्याआधी मैदानाच्या कडेला चिंचेखाली साक्षी झाल्या. दाजींनी पट्टा लावून पुकारा केला. कोणाची आई, कोणाची मावशी, करमाडहून एसटीनं आलेली एक आजी. कोणी टोळधाडीच्या सालात झालं होतं, कोणी म्हैस विहिरीत पडली त्या दिवशी. एका माउलीनं आपल्या पोराच्या जन्माच्या वेळच्या कळांचं असं वर्णन केलं की ते पोरगं पूर्ण सामना खाली मान घालून खेळलं. खालाची साक्ष झाली तेव्हा बायका पुढं सरकून ऐकत होत्या. ती संपल्यावर करमाडच्या आजीनं तिला आपल्याजवळ सतरंजीवर बसवून घेतलं.

आणि मग दिगंबरची आई. ती कन्नडहून पोराला डबा घेऊन आली होती. कशाबद्दल विचारतात ते तिला नीट कळलं नसावं. "माझ्या दिग्याला पंचवीस पुरी झाली, सव्विसावं चालू," ती ऐटीत म्हणाली. "मुलगी कुठली हाय?"

दिगंबरनं बॅट खाली ठेवली आणि आईशेजारी जाऊन डबा उघडला. मला मानावं लागेल, त्यानं आनंदानं जेवण केलं आणि आम्हालाही बोलावलं.

अंतिम सामना आमचा आणि होस्टेलचा झाला. रशीदनं तो मोठा मोजा घातला होता आणि त्याचे चेंडू होस्टेलवाल्यांना दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. शेवटच्या पाळीला आम्ही एका धावेनं पुढं होतो, त्यांचे दोघं तळांवर, दोघं बाद. फलंदाजानं कसाबसा चेंडू उडवला. तो माझ्याकडं आला. माझ्याच बाजूला एक म्हैस चरत होती. चेंडू तिच्या पाठीवर आपटून माझ्या पायाशी पडला. तो उचलून फेकायचा, एवढंच काम होतं. पण मी थांबलो. तेविसावा नियम आम्ही ठेवला होता की काढला होता, ते मला आठवेना. मी खिशातून कागद काढला आणि वाचायला लागलो. अख्खं मैदान ओरडत होतं. नियम ठेवलेला होता आणि त्यात लिहिलं होतं की खेळ चालू राहील. हे मला कळलं तेव्हा त्यांचे दोन्ही गडी घरच्या तळावर पोचले होते आणि सामना गेला होता.

रशीद चालत माझ्यापर्यंत आला. कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला. "भाई," तो म्हणाला, "भैंस कू भी तेरेसे जादा खेल समजा."

साहेब गेला होता, भाई परत आला होता. मला सामना हरल्याचं त्या क्षणी काही वाटलं नाही. संघातल्या बाकीच्यांना वाटलं. ते त्यांनी सविस्तर सांगितलं.

पुढं मी शिक्षक झालो आणि सरकारदरबारी अक्काची साक्ष चालली नाही. नोकरीच्या शेवटी जन्मतारीख दुरुस्त करायचा मी अर्ज केला, अक्का तेव्हा होती, तिनं कचेरीत येऊन हुरड्याची सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी ती शांतपणे ऐकली, तिला चहा पाजला आणि मला कागदाप्रमाणे दीड वर्ष आधी घरी पाठवलं. मी तक्रार केली नाही. तोवर वर्गात नाव घालायला आलेल्या कितीतरी पोरांचे जन्म मी स्वतः एक जूनला लावले होते.

हजला जायचं ठरलं तेव्हा पासपोर्टचा फॉर्म घेऊन रशीद माझ्याकडं आला. खाला गेली होती. जन्मतारखेच्या रकान्यापाशी मी थांबलो. जवारी डोक्याच्या वर होती, हे लिहायला तिथं जागा नव्हती. आठ चौकोन होते, आणि प्रत्येकात एक आकडा.

"क्या लिखूँ?" मी विचारलं.

"तेरे कागद पे क्या है?"

"एक जून."

"वोच लिख. तारीख वो, साल अम्मी का."

मी लिहिलं. तेव्हापासून दर एक जूनला सकाळी त्याचा फोन येतो. तो माझ्या वाढदिवसाबद्दल मुबारक म्हणतो, मी त्याच्या वाढदिवसाबद्दल म्हणतो. मग दोघं थोडा वेळ गुडघ्यांविषयी बोलतो. फोन ठेवण्याआधी तो न चुकता विचारतो, "दाखला है ना चिटणीस साहब?" मी म्हणतो, आहे. पत्र्याची पेटी अजून माझ्याकडं आहे. तळाशी तो दाखला आणि त्याच्यावर ठेवलेला एक मोठा हातमोजा आहे. मोजा कोणाच्याच हाताला बसत नाही, ज्याच्या मापाचा त्या रशीदच्या हातालाही आता सैल होतो.